पपनसाची साल आणि डोंगराखालची शाळा

लग्न झाल्यापासून पेइ-शानने नवऱ्यावर सोपवलेला हा पहिलाच मोठा निर्णय होता, आणि तो सोपवताना ती कोबी चिरत होती. "घर कुठल्या शाळेच्या हद्दीत घ्यायचं ते तू ठरव," ती मान वर न करता म्हणाली. "मी काही विचारणार नाही. तू दाखवशील तिथे सही करीन." च्येन चि-हुंगच्या अंगावर मूठभर मांस चढले. याआधी त्याच्यावर सोपवलेला सर्वांत मोठा निर्णय स्कूटरच्या हेल्मेटचा होता, आणि ते हेल्मेट पेइ-शानने दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन बदलून आणले होते.

मामला साधा नव्हता. लेक योयो पुढच्या वर्षी पहिलीत जाणार होती. तैपेईत ज्या शाळेच्या हद्दीत तुमचे नाव नोंदलेले, तीच तुमची शाळा. आणि शाळा भरून वाहू लागली की ज्याने आधी नाव नोंदवले तो आत, बाकीचे शेजारच्या शाळेत. म्हणजे घर थंडीच्या आत घ्यायला हवे होते. त्यांच्या आवाक्यात तीन हद्दी येत होत्या: नदीकाठच्या शाळेची, बाजाराजवळच्या शाळेची आणि डोंगराखालच्या शाळेची. पैकी बाजाराजवळच्या शाळेपासून सासूबाईंचे घर हाकेच्या अंतरावर होते, आणि सासूबाईंची हाक बरीच लांब जाते. चि-हुंगने ती शाळा मनातल्या मनात बाद केली आणि उघडपणे 'तिन्ही शाळांचा निःपक्षपाती अभ्यास' सुरू केला.

तो विमा कंपनीत नुकसानभरपाईचे दावे तपासायचा. बैलाने गाडीला धडक दिली असे कोणी लिहून दिले, तर बैलाला भेटल्याशिवाय तो शेरा मारत नसे. खोटे आपल्याला वासावरून कळते अशी त्याची समजूत होती आणि ती त्याने ऑफिसात सगळ्यांना सांगून ठेवली होती. या गोष्टीत पुढे जे काही झाले ते वाचताना वाचकाने हे वाक्य लक्षात ठेवावे, कारण चि-हुंगला ते आता आठवायला आवडत नाही.

पहिले दोन आठवडे तो इंटरनेटवरच्या आयांच्या गप्पा वाचत बसला. एकीच्या मते नदीकाठची शाळा म्हणजे स्वर्ग होता, दुसरीच्या मते तिथे मुलांना दुपारचे झोपूसुद्धा देत नव्हते. मग तो प्रत्यक्ष पाहणीला निघाला. नदीकाठच्या शाळेच्या फाटकातून तो बराच वेळ आत पाहत राहिला, तेव्हा पहारेकऱ्याने तुम्ही कोणाचे वडील म्हणून विचारले. "अजून इथल्या कोणाचा नाही," असे चि-हुंगने प्रामाणिकपणे सांगितले. पहारेकऱ्याचा हात शिट्टीकडे गेला. नदीकाठची शाळाही त्या दिवशी बाद झाली, पण अहवालात कारण 'डासांचा उपद्रव' असे पडले.

उरली डोंगराखालची. तिच्या हद्दीत एका फिकट हिरव्या जुन्या इमारतीत चौथ्या मजल्यावर एक रिकामे घर दलालाने दाखवलेही होते. पण शाळा खरोखर कशी आहे हे सांगणार कोण? तेव्हा ऑफिसातल्या वयस्कर फांगसाहेबांनी चहा पिता पिता ज्ञान दिले. "दलाल खोटं बोलतो. मुख्याध्यापक गोड बोलतो. आईबाप आपली चूक झाकायला बोलतात. खरं ऐकायचं असेल तर कचऱ्याच्या गाडीची वाट बघणाऱ्या माणसांत जाऊन उभा राहा. हातात घाण वास मारणारी पिशवी धरून कोण कशाला खोटं बोलेल?"

चि-हुंगला हे फार पटले. त्यांच्या गावात पिशवी जमिनीवर टेकवायची नाही असा नियम. गाडीची धून वाजायच्या आधीच लोक कोपऱ्यावर जमतात, पिशव्या हातात धरून ताटकळतात, आणि ताटकळलेला माणूस बोलतोच. फक्त एक अडचण होती. त्याच्या घरी कचरा टाकायचे काम पेइ-शान करायची, त्यामुळे या विषयातले त्याचे ज्ञान ऐकीव होते.

पहिल्या संध्याकाळी तो इस्त्रीचा शर्ट घालून, महापालिकेची निळी पिशवी आणि उरल्यासुरल्याचा डबा घेऊन, बस बदलून डोंगराखालच्या गल्लीच्या कोपऱ्यावर पोहोचला. दिवस पपनसांचे होते. गाडी आली, लोक पुढे सरकले, आणि चि-हुंगने आत्मविश्वासाने पपनसाच्या जाडजूड साली गाडीमागच्या मोठ्या डब्यात ओतल्या. छत्रीची काठी टेकत एक ठेंगणी म्हातारी पुढे आली. या लाइ आजी. त्या कोपऱ्यावर त्यांचा शब्द चालत असे.

"तो डुकरांचा डबा आहे," लाइ आजी म्हणाल्या. "शिजलेलं अन्न त्यात. साली खताच्या डब्यात. डुकरांनी तुझं काय वाकडं केलंय?"

मग सगळ्यांच्या देखत चि-हुंगने बाही वर सारली आणि कोणाच्यातरी परवाच्या नूडल्समधून एकेक साल वेचून काढली. शाळेविषयी त्या दिवशी त्याला काहीच कळले नाही. परतीच्या बसमध्ये त्याच्या शेजारची जागा शेवटपर्यंत रिकामी राहिली.

पण तो हार मानणारा नव्हता. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा गेला. आजींनी त्याच्या डब्यात डोकावून पाहिले, मान डोलावली आणि तू राहतोस कुठे म्हणून विचारले. आता, खोटे वासावरून ओळखणाऱ्या माणसाला खोटे बोलताही यायला हवे. चि-हुंगने हिरव्या इमारतीकडे बोट दाखवले आणि म्हणाला, "चौथ्या मजल्यावर."

"म्हणजे ते घर गेलं एकदाचं," आजी म्हणाल्या, आणि गल्लीने त्याला आपला म्हटले. त्या दिवसापासून त्याचे नाव 'चौथा मजला' पडले.

आता मात्र माहितीचा पाऊस सुरू झाला. च्यू नावाचा एक उंच माणूस नेहमी खेळाच्या कपड्यांत यायचा, आणि त्याला शाळेतले सगळे आतून माहीत असायचे. मुख्याध्यापक रोज सकाळी फाटकात उभे राहून प्रत्येक मुलाला नावाने हाक मारतात, हे त्याने सांगितले. कुत्र्याला कडेवर घेऊन येणाऱ्या रुआनबाईंनी सांगितले की तिथले जेवण इतके चांगले असते की मुले घरी जेवत नाहीत. चि-हुंग ऐकायचा, घरी जाऊन लिहून ठेवायचा आणि सुखावायचा. पण नुसते ऐकत राहणाऱ्याला कोण किती दिवस सांगणार? इथला रहिवासी म्हणवून घेतल्यावर आपणही काहीतरी घालायला हवे, असे त्याला वाटू लागले. एका संध्याकाळी सगळे त्याच्या तोंडाकडे पाहत असताना त्याच्या तोंडून निघून गेले, "मुख्याध्यापक स्वतः मुलांना दोरीवरचा भोवरा शिकवतात. तीन भोवरे एकदम फिरवतात म्हणे."

दोन काठ्यांना बांधलेल्या दोरीवर भोवरा नाचवायचा हा खेळ तिथल्या बऱ्याच शाळांत शिकवतात, पण मुख्याध्यापक शिकवतात असे कोणी ऐकले नव्हते. च्यूने भुवया वर केल्या. रुआनबाईंचा कुत्रासुद्धा थोडा वेळ भुंकायचा थांबला. आपल्या शब्दाला असे वजन येण्याची चि-हुंगला सवय नव्हती, आणि त्या रात्री त्याला छान झोप लागली.

आठवडाभराने च्यूने त्याला बाजूला घेतले आणि हळू आवाजात म्हणाला, "तुम्ही म्हणालात ते खरं आहे. मला दुसरीकडूनही कळलं. चार भोवरे फिरवतात." दोन स्वतंत्र साक्षीदार मिळाले की दावा मंजूर करायचा, हा चि-हुंगच्या खात्याचा नियमच होता. त्याने डोंगराखालच्या शाळेवर मनातल्या मनात शिक्का मारला. भोवऱ्याची गोष्ट आपणच रचली होती हे तो एव्हाना जवळजवळ विसरला होता.

इथपर्यंत सगळे ठीक होते. पण रहिवासी म्हटले की रहिवाशाची दुखणीही आली. तिसऱ्या मजल्यावरच्या क्वो काकू एके दिवशी कचऱ्याच्या पिशवीसकट त्याच्यावर चालून आल्या. त्यांच्या न्हाणीघराच्या छतातून पाणी ठिबकत होते, चौथ्या मजल्याचा मालक दुसऱ्या शहरात होता, पत्रांना उत्तर देत नव्हता, आणि त्या कित्येक महिने कोणाच्यातरी नरडीचा शोध घेत होत्या. ती आता सापडली होती. चि-हुंगने घर आपले नाही असे सांगायला तोंड उघडले. समोर क्वो काकू होत्या, मागे लाइ आजी होत्या, भोवती सारी गल्ली होती. त्याने वाकून माफी मागितली आणि लवकरच दुरुस्त करतो म्हणून शब्द दिला.

दलालाकडे जाऊन त्याने घराची किल्ली मागितली. न घेतलेल्या घराची गळती स्वखर्चाने काढणारे गिऱ्हाईक दलालाने आयुष्यात पाहिले नव्हते. त्याने किल्ली तर दिलीच, शिवाय दारापर्यंत सोडायला आला. मग प्लंबर आला. त्याने फरशी फोडली, पाइप बदलला आणि खालच्या छताला रंगही तुम्हालाच द्यावा लागेल असे सांगून गेला. रंगारी आला. क्वो काकूंना पहिला रंग पसंत पडला नाही. एका रविवारी वॉर्डाचे प्रमुख वेंग यांनी त्याला गच्चीवरची टाकी धुवायच्या पाळीत घातले, आणि परक्याच्या गच्चीवर पँट दुमडून टाकी घासताना चि-हुंगला प्रथमच वाटले की आपण अभ्यासात जरा खोल उतरलो आहोत.

या सगळ्यात दुसरी एक चणचण सुरू झाली. रोज तिथे उभे राहायचे तर हातात कचरा हवा, आणि तीन माणसांच्या घरात कचरा निघून निघून निघणार किती? त्याने ऑफिसातले चिरलेले कागद आणले. फांगसाहेबांकडून चहाचा चोथा घेतला. शेवटी तो सासूबाईंच्या दारात उभा राहिला आणि कलिंगडाच्या सालींची चौकशी केली.

सासूबाईंनी तो जिना उतरायच्या आत लेकीला फोन लावला. "जावईबापू माझ्याकडे कचरा मागायला आले होते. तुमच्याकडे सगळं ठीक आहे ना?"

पेइ-शानच्या मनात बरेच दिवस पाल चुकचुकत होती. नऊ वर्षांत कचऱ्याला हात न लावलेला नवरा रोज संध्याकाळी इस्त्रीचा शर्ट घालून कचरा घेऊन बाहेर पडतो आणि दोन तासांनी हसतमुख परत येतो. कचऱ्याची गाडी तर घराखालीच येते. याचे एकच कारण असू शकते, आणि ते कारण कुठल्यातरी कोपऱ्यावर उभे असणार, असा तिचा हिशेब झाला. त्या संध्याकाळी ती योयोचे बोट धरून मागच्या बसमध्ये चढली.

ती कोपऱ्यावर पोहोचली तेव्हा तिचा नवरा कुत्रा कडेवर घेतलेल्या एका बाईशी मान वाकडी करून बोलत होता. पेइ-शान सरळ चालत गेली.

"ही कोण?" तिने विचारले.

चि-हुंगच्या हातातली पिशवी जमिनीला टेकली. लाइ आजींनी ती काठीने उचलून धरायला लावली आणि मगच चौकशी सुरू केली. तुम्ही कोण? त्यांची बायको. म्हणजे चौथ्या मजल्यावरची का? कुठला चौथा मजला? आम्ही नदीपलीकडे भाड्याने राहतो, असे पेइ-शानने सांगून टाकले. चि-हुंगला वाटले, आता कचऱ्याच्या गाडीने आपल्यालाही घेऊन जावे. त्याने मग अगदी पहिल्यापासून, फांगसाहेबांच्या चहापासून, सगळे सांगितले. मुद्दा होता शाळेचा, तो म्हणाला, आणि मला खरे ऐकायचे होते.

लाइ आजींना राग आला नाही. त्यांनी काठी उचलून एकेकाकडे दाखवायला सुरुवात केली. "हा च्यू. हा स्टेशनापलीकडून येतो. पिशवीत दोन केळ्यांच्या साली. ही रुआन, ही तर पार दुसऱ्या टोकाची. कुत्रा तेवढा इथलाच, तो तिच्या मावशीचा. सगळे त्याच शाळेसाठी येतात. या गल्लीत एकही लहान पोर नाही रे बाबांनो. आम्ही सगळे म्हातारे आहोत. तुम्ही एकमेकांना विचारता, एकमेकांना सांगता आणि खूश होऊन घरी जाता. आम्हाला काय, गंमत वाटते."

च्यू आकाशाकडे पाहू लागला. रुआनबाईंनी कुत्रा खाली ठेवला.

"मग आजी, शाळा कशी आहे?" हे पेइ-शानने विचारले. इतक्या दिवसांत आजींना हा सरळ प्रश्न कोणी विचारलाच नव्हता.

"शाळेसारखी शाळा. घंटा वाजते, पोरं आत जातात. घंटा वाजते, बाहेर येतात. माझे दोन्ही मुलगे तिथलेच. एक दातांचा डॉक्टर झाला, एक नाही झाला. दोघंही रविवारी जेवायला येतात."

तेवढ्यात गाडी आली. योयोने हातातल्या पेरूचे देठ डुकरांच्या डब्याकडे नेले, तशा चार म्हाताऱ्या एकदम ओरडल्या, आणि त्यांतल्या एकीने तिला जवळ घेऊन कुठल्या डब्यात काय जाते ते नीट दाखवले. क्वो काकू पेइ-शानला आपले नवे छत दाखवायला वर घेऊन गेल्या. ती खाली आली तेव्हा चि-हुंग खाली मान घालून उभा होता. माझे चुकले, तो म्हणाला, एवढा एक निर्णय दिलास आणि मी त्याचा कचरा केला. दुसरे घर बघू.

"कशाला?" पेइ-शान म्हणाली. "घर दुरुस्त आहे, खालची बाई खूश आहे, टाकी तू धुतलीयस. आणि पोर चुकली तर ओरडायला इथे माणसं आहेत. मी म्हटलं होतं ना, विचारणार नाही. दाखव कुठे सही करायची." चि-हुंगच्या डोळ्यांत पाणी आले. आजूबाजूच्या वासामुळे आले असे त्याने भासवले. परतीच्या बसमध्ये त्याने भोवऱ्याची थापही मायलेकींना सांगून टाकली.

कागदपत्रांना मात्र वेळ लागला. मालक सापडेना, सापडला तर त्याचा सहीचा शिक्का सापडेना. नोंदणी कार्यालयातल्या मुलीने विचारले की या पत्त्यावर गळती दुरुस्तीची पावती तुमच्या नावावर आहे, टाकी धुतल्याची नोंद तुमच्या नावावर आहे, मग तुम्ही आधीपासूनच तिथे राहता की नाही? याचे उत्तर द्यायला चि-हुंगला दुसऱ्यांदा यावे लागले. नाव नोंदले गेले तेव्हा थंडी संपत आली होती.

वसंतात प्रवेशाच्या दिवशी तिघे नवे कपडे घालून डोंगराखालच्या शाळेत गेले. सभागृहात मुंगीलाही शिरायला वाट नव्हती. पहिल्या रांगेत च्यू आपल्या मुलासकट बसला होता, त्याच्यामागे रुआनबाई आपल्या मुलीसकट. दोघांनी आनंदाने हात केला. भोवऱ्याची गोष्ट ऐकून त्यांनी तातडीने घरे घेतली होती, त्या वेळी चि-हुंग क्वो काकूंच्या छताला दुसरा रंग देववत होता. शाळेच्या इतिहासात प्रथमच जागा कमी पडल्या होत्या. आत बसतील त्यांची नावे वाचून झाली आणि न बसणाऱ्यांची सुरू झाली. त्यांत पहिले नाव योयोचे होते. तिला बाजाराजवळच्या शाळेत जागा मिळाली.

चि-हुंग खुर्चीत बसला तो बसलाच. इतके महिने ज्याच्यासाठी धावला, ते आपल्याच तोंडाने दुसऱ्याला देऊन मोकळा झाला होता, आणि भरपाई मागायला कोणते खाते नव्हते. योयोच्या केसांतल्या नव्या पिनेकडे त्याला बघवेना.

मुख्याध्यापक स्वतः क्षमा मागायला आले. सडपातळ, भिडस्त गृहस्थ. त्यांच्या कपाळावर औषधी पट्टी होती आणि एक भुवई सुजली होती. "असं कधीच झालं नव्हतं हो," ते वाकून म्हणाले. "हिवाळ्यापासून पालक येतात आणि मला भोवरे फिरवून दाखवा म्हणतात. चार. मला एकही येत नव्हता. नाही कसं म्हणायचं, म्हणून शिकायला घेतलाय. हे कोणी पसरवलं तेवढं एकदा कळलं असतं, तर बरं झालं असतं."

चि-हुंग बुटांकडे पाहू लागला. पेइ-शान चि-हुंगकडे पाहू लागली.

"बाबांनी," योयो म्हणाली.

मुख्याध्यापकांनी कपाळावरची पट्टी बोटाने चाचपली. "तुम्हाला येतो फिरवता?" त्यांनी विचारले. चि-हुंगने नकारार्थी मान हलवली. "मग शनिवारी सकाळी येत जा. मी एकटाच असतो मैदानावर. दोघं शिकू."

नकार द्यायला तोंड राहिलेच नव्हते. योयो आता बाजाराजवळच्या शाळेत जाते, दुपारी आजीकडे, म्हणजे सासूबाईंकडे, जेवते आणि तिथून कोणी तिला हलवायला गेले तर रडते. कचरा कायमचा चि-हुंगकडे आला आहे. आणि दर शनिवारी सकाळी तो, आपली मुलगी जिथे शिकत नाही त्या शाळेच्या मैदानावर, मुख्याध्यापकांच्या शेजारी उभा राहून भोवरा फिरवतो. गेल्या आठवड्यात त्याच्या नाकावर बसला. नाकाला पट्टी लावून तो योयोला आणायला गेला, तेव्हा सासूबाई दारात शेजारणीशी बोलत होत्या.

"अहो, जावयाला डोंगराखालच्या शाळेत घेतलं," त्या सांगत होत्या. "नातीला तेवढं नाही घेतलं."